सुपरहिरोनं शत्रूला ठार मारावं का? (जोकर, डोगा, ध्रुव आणि इतर मंडळी)

खडेबाजारचा_वाचक (धागाकर्ता)

जोकर माणसं मारतो, बॅटमॅन त्याला पकडून वेड्यांच्या इस्पितळात टाकतो, तो तिथून पळतो आणि पुन्हा माणसं मारतो. १९४० पासून हेच चाललंय. मारून का टाकत नाही एकदाचा? आमच्या कट्ट्यावर हे भांडण मिटेना, म्हणून इथे आणलंय.

आधी थोडा इतिहास, कारण "बॅटमॅन कधीच मारत नाही" हे अर्धंच खरं आहे. मे १९३९ च्या पहिल्याच गोष्टीत त्याच्या ठोशाने गुन्हेगार ॲसिडच्या टाकीत पडतो, आणि हा वर 'असल्यांचा शेवट असाच व्हायचा' अशा अर्थाचं बोलून मोकळा होतो. पुढच्या वर्षी त्याच्या नावाचं स्वतंत्र मासिक निघालं. त्याच्या पहिल्या अंकात तो विमानातून मशिनगन चालवतो आणि एका अजस्र माणसाला विमानाच्या दोराला लटकवून मारतो. तेव्हा संपादक व्हिटनी एल्सवर्थ यांनी तंबी दिली की आता बंदूक नाही, खून नाही. गंमत म्हणजे जोकरही त्याच अंकात पहिल्यांदा आला आणि त्याच अंकाच्या शेवटी स्वतःच्या सुऱ्याने मरणार होता. एल्सवर्थनीच शेवटी एक चौकट वाढवायला लावली, त्यात डॉक्टर सांगतो की हा अजून जिवंत आहे. नायकाला खुनाची बंदी आणि खलनायकाला जीवदान, दोन्ही एकाच संपादकाचं काम! चांगला चाललेला खलनायक कोण कशाला फुकट घालवेल?

पुढे १९५४ मध्ये अमेरिकेत कॉमिक्समुळे पोरं बिघडतात अशी आवई उठली. मानसोपचारतज्ज्ञ फ्रेडरिक वर्थम यांनी त्यावर पुस्तक लिहिलं, सिनेटसमोर सुनावण्या झाल्या, आणि प्रकाशकांनी घाबरून स्वतःच आचारसंहिता लावून घेतली. मग तर नियम पक्काच झाला.

म्हणजे नियमाचा जन्म धंद्यातून आहे. तरी मी नियमाच्या बाजूने आहे. मुखवटेवाला नुसता पकडून देतो तोवर तो पोलिसांचा आगाऊ मदतनीस. मारायला लागला की पोलीस तोच, न्यायाधीश तोच, जल्लादही तोच. आणि त्याचं चुकलं तर कुणाच्या दारात जायचं?

बोला.

निपाणीचा_डोगा

पहिला नंबर आपला. दादा, इतिहास झ्याक लिवलासा, खरं शेवट पटला न्हाई.

तुमचा बॅटमॅन पैशेवाला हाय. हवेली हाय, नोकर हाय, त्याला तत्त्वं परवडत्यात. आमचा डोगा उकिरड्यावर सापडलेलं पोर. हलकान सिंग डाकूनं उचललं आणि डाकूच्याच अड्ड्यावर वाढलं. ते पोर मुंबईत येऊन कुत्र्याचा मुखवटा घालून हातात बंदूक घेतंय. त्याला कोण सांगणार, 'बाळा, कायदा हातात घेऊ नको'? राज कॉमिक्सवाल्यांनी त्याची वळखच अशी करून दिली की डोगा समस्या सोडवत न्हाई, मुळासकट उपटून टाकतो.

आणि तुमच्या जोकरचं बघा की. १९८८ मध्ये त्यानं बॅटमॅनच्या पोरसवदा साथीदाराला, दुसऱ्या रॉबिनला, जेसन टॉडला, पहारीनं बडवून वर बाँब लावून उडवलं. ते पोरगं मरावं का जगावं म्हणून प्रकाशकानं वाचकांची फोनवर मतं घेतली हुती. मरू दे म्हणणारे ५,३४३, जगू दे म्हणणारे ५,२७१. ७२ मतांनी पोरगं गेलं! एवढं हुऊन बॅटमॅन जोकरला मारत न्हाई. जेसन पुढं जिवंत हुऊन परत आला तवा त्यानं बापाला, म्हंजे बॅटमॅनला, हेच इचारलं, मला वाचवता आलं न्हाई ते सोड, खरं त्यो अजून जिवंत कसा? त्याला उत्तर हाय काय कुणाकडं?

वकीलताई_टिळकवाडी

निपाणीकर, राग समजतो. पण अंगावर आलेल्याला मारणं आणि बांधून ठेवलेल्याला मारणं, यांची गल्लत करू नका.

पहिल्याला कायद्याची परवानगी आहे, तीही फक्त सुपरहिरोला नाही, तुम्हाआम्हालाही. पूर्वी दंड संहितेची कलमं ९६ ते १०६ होती, आता भारतीय न्याय संहितेत ३४ ते ४४. जिवावर बेतणारा हल्ला असेल, बलात्काराचा, ॲसिडचा हल्ला असेल, तर स्वतःला किंवा दुसऱ्याला वाचवताना हल्लेखोराचा जीव गेला तरी तो गुन्हा ठरत नाही. पण धोका संपला की हक्क संपला, आणि गरजेपेक्षा जास्त इजाही करायची नाही. जोकर बाँबच्या बटणावर बोट ठेवून उभा आहे, दुसरा इलाज नाही, आणि बॅटमॅनने त्याला मारलं, तर मी त्याचं वकीलपत्र आनंदाने घेईन. हातकड्या पडल्यावर मारलं तर मात्र कलम १०३, सरळ खून.

पोलिसांनाही हे चुकलेलं नाही. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पीयूसीएल (नागरी हक्कांसाठी लढणारी संघटना) विरुद्ध महाराष्ट्र या खटल्यात चकमकींबाबत १६ सूचना घालून दिल्या. गुन्हा नोंदवा, स्वतंत्र तपास करा, दंडाधिकाऱ्यांची चौकशी लावा वगैरे. वर्दीवर नावाची पट्टी लावणाऱ्याला इतके प्रश्न, आणि वटवाघळाच्या वेषात फिरणाऱ्याला एकही नाही?

अवांतर : जोकर वारंवार सुटतो यात बॅटमॅनचाही हात आहे. पुरावा हा गोळा करणार, पण साक्षीच्या पिंजऱ्यात उभा राहणार नाही. उलटतपासणी कुणाची घ्यायची? असली केस बचावाचा वकील पहिल्याच तारखेला मोडीत काढेल.

मच्छेकर

जोकरची केस दिल्लीला सुप्रीम कोर्टात टाका. आमचा सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून तिथेच आहे. जोकर म्हातारा होऊन आपोआप जाईल, कुणी कुणाला मारायची गरज नाही.

प्रशासक

मच्छेकर, सीमाप्रश्नाचा धागा वेगळा आहे आणि तो कधीही वर येतो, त्याला इथून ओढू नका. चालू द्या.

नंदगडचे_गुरुजी

कॉमिक्स मी वाचलेली नाहीत, इंद्रजाल सोडून. पण प्रश्न आपल्या ओळखीचा आहे म्हणून लिहितो.

कृष्णाने शिशुपालाच्या आईला त्याच्या शंभर अपराधांपर्यंत थांबण्याचा शब्द दिला होता. शंभर भरले आणि राजसूयाच्या भर सभेत चक्र सुटलं. तुमच्या त्या जोकरचे शंभर पहिल्या वर्षातच भरले असतील.

उलट अश्वत्थामा पाहा. रात्री छावणीत शिरून द्रौपदीची पाच झोपलेली मुलं मारली. याहून नीच काम ते कोणतं? तो हाती लागला, तरी मारला नाही. भागवतात तर खुद्द द्रौपदी म्हणते की मी रडते आहे तशी याची आई रडायला नको. कपाळावरचा मणी काढून घेतला आणि हाकलून दिलं. म्हणजे दोन्ही पायंडे आपल्याकडे आहेत, आणि दोन्ही वेळी कृष्ण समोर होता.

आता इथलंच उदाहरण. ऑक्टोबर १८२४ मध्ये कित्तूरला कलेक्टर थॅकरे मारला गेला आणि इलियट व स्टीव्हन्सन हे दोन इंग्रज अधिकारी राणी चन्नम्मांच्या हाती लागले. राणींनी त्यांच्या केसालाही धक्का लावला नाही. युद्ध थांबवतो असा शब्द कंपनीचा कमिशनर चॅपलिन याच्याकडून मिळाला म्हणून त्यांना सोडून दिलं. चॅपलिन मोठी फौज घेऊन आला. डिसेंबरात किल्ला पडला. राणी बैलहोंगलच्या किल्ल्यात कैदेत गेल्या आणि १८२९ मध्ये तिथेच वारल्या. राणींच्या बाजूने लढलेल्या संगोळ्ळी रायण्णांना १८३१ मध्ये आमच्या नंदगडलाच फाशी दिलं, त्यांची समाधी इथे आहे. शत्रूला सोडल्याचा भुर्दंड कुणी भरला, ते बघून मगच क्षमेचं कौतुक करावं.

खडेबाजारचा_वाचक

गुरुजी, नमस्कार. उदाहरण जबरदस्त, पण ते माझ्या बाजूला जातं असं मला वाटतं. ओलिसांना मारलं असतं तर चॅपलिन आला नसता का? तो येणारच होता. फसवणूक शब्द मोडणाऱ्याची आहे, शब्द पाळणारीची नाही. आणि दोनशे वर्षांनी आपण राणींचं नाव आदराने घेतो त्यात ओलिसांना सांभाळल्याचाही वाटा आहे.

नंदगडचे_गुरुजी

नाव राहिलं, राज्य गेलं. पुढे बोला.

उद्यमबागचा_पोरगा

कुणी सुपरमॅनचं नाव काढंना म्हणून मीच काढतो. २०१३ च्या पिक्चरमध्ये त्यानं खलनायक झॉडची मान मोडली तेव्हा आमच्या हॉस्टेलवर दोन पार्ट्या झाल्या होत्या. एक म्हणे सुपरमॅनचा सत्यानाश केला, दुसरी म्हणे मग काय करायचं होतं त्यानं? झॉड डोळ्यातल्या आगीनं समोरच्या कुटुंबाला जाळायच्या बेतात होता की.

खरं बऱ्याच जणांना माहीत नाही, कॉमिक्समध्ये सुपरमॅननं हे आधीच केलंय. १९८८ च्या बाविसाव्या अंकात, जॉन बर्न यांच्या. दुसऱ्याच एका विश्वातल्या पृथ्वीवरची सगळी माणसं झॉड आणि त्याच्या दोन साथीदारांनी मारली. सुपरमॅननं आधी सोनेरी क्रिप्टोनाइट (त्याच्या ग्रहावरचा, त्याच्या जातीच्यांना घातक असलेला खडा) वापरून तिघांच्या शक्ती कायमच्या काढून घेतल्या, आणि मग हिरव्या क्रिप्टोनाइटनं तिघांना ठार केलं. ते गयावया करत होते.

वकीलताई, आता तुमची पट्टी लावून बघा. २०१३ च्या झॉडला मारलं ते माफ, आणि १९८८ चा खून! लोकांनी शिव्या घातल्या त्या नेमक्या उलट्या.

वकीलताई_टिळकवाडी

पोरा, वकिलीला ये. तंतोतंत बरोबर. शक्ती काढून घेतल्यावर ते तिघे कोठडीतल्या आरोपीसारखेच. 'पुन्हा शक्ती मिळवून येऊ' ही धमकी आहे, चालू असलेला हल्ला नाही.

वंडर वुमनचं प्रकरणही या पट्टीवर घासून पाहण्यासारखं आहे. २००५ मध्ये खलनायक मॅक्सवेल लॉर्डने सुपरमॅनचं मन ताब्यात घेतलेलं असतं. ती त्याला खरं बोलायला लावणाऱ्या दोरात बांधून विचारते, हे थांबवायचं कसं? तो म्हणतो, मला मारून. तिने मान मोडली. बांधलेला होता, पण हल्ला तेव्हाही चालूच होता. मी तिला सोडवेन. सुपरमॅन आणि बॅटमॅनने तिच्याकडे पाठ फिरवली ते मला अजून पटलेलं नाही. तीन खून करून बसलेला सुपरमॅन कोण तिला शिकवणारा?

उद्यमबागचा_पोरगा

ताई, बरोबर, खरं १९८८ नंतरचा सुपरमॅन बघा की. त्याचं डोकं ठिकाणावर राहिलं नाही, आणि शेवटी आपण पृथ्वीवर राहायच्या लायकीचे नाही म्हणून तो स्वतःच अंतराळात निघून गेला. स्वतःला हद्दपार करून घेतलं. कोर्ट नव्हतं म्हणून स्वतःच निकाल दिला.

कुंदा_आणि_कॉमिक्स

शहापुरातून लिहितेय. कायदा, धर्म, सगळं चाललंय, गोष्ट कशी होते याबद्दल कुणीच बोलत नाही.

मी ध्रुवची वाचक. सुपर कमांडो ध्रुव, अनुपम सिन्हांचा, १९८७ पासून. ज्युपिटर सर्कशीत वाढलेला, अंगात कसलीही दैवी शक्ती नाही, आणि कुणाचा जीव घ्यायचा नाही असं व्रत. आता लेखकाची पंचाईत बघा. समोरचा डोंगराएवढा, ध्रुवकडे मोटरसायकल, पट्ट्यातल्या चार वस्तू आणि पशुपक्ष्यांची भाषा. मारताही येत नाही. मग त्याला विज्ञान आठवावं लागतं, आजूबाजूला काय पडलंय ते बघावं लागतं. दहावीत विद्युतप्रवाहाचा धडा मला कुणी समजावला असेल तर ध्रुवने. व्रत काढून टाका, अर्धी गोष्ट चौथ्या पानावर संपेल.

इंद्रजालमधल्या वेताळाचंही तेच. कमरेला दोन पिस्तुलं, पण गोळी बहुतेक वेळा समोरच्याच्या हातातलं हत्यार उडवते. आणि ठोसा बसला की जबड्यावर कवटीची खूण, जन्मभर न जाणारी. गुरुजी, अश्वत्थाम्याच्या कपाळावरच्या जखमेची आठवण झाली ना? मारायचं नाही, पण जगाला दिसेल असं ठेवायचं.

डोगाच्या गोष्टी मीही वाचल्यात. सुरुवात भन्नाट, शेवट मात्र ठरलेला : ठो ठो ठो.

निपाणीचा_डोगा

ताई, आमच्या वर्मावर बोट ठेवलासा. खरं त्यो ठो ठो ठो ऐकायलाच आमी पैशे मोजत हुतो. स्टँडवर भाड्यानं आणलेलं कॉमिक हातात घेऊन बसलेल्या पोराला विद्युतप्रवाह शिकायचा नसतोय. गल्लीतल्या सावकारानं घर रिकामं करायला लावलंय, तक्रार घेऊन ठाण्यावर गेलेल्याला बाहेर बसवलंय, त्या पोराला कुणीतरी मुळासकट उपटणारा पायजे असतोय. तेवढं वाचून पोरगं गप झोपतं. कुणी उठून बंदूक घेत न्हाई.

कुंदा_आणि_कॉमिक्स

हे मान्य. तुमचा हा प्रतिसाद डोगाच्या बऱ्याच अंकांपेक्षा सरस आहे.

खडेबाजारचा_वाचक

ध्रुवच्या व्रतावरून आठवलं. सगळ्यात मला राग येतो तो पळवाटीचा. नायकाचे हात स्वच्छ ठेवायचे आणि खलनायकही मारायचा. १९७३ मध्ये ग्रीन गॉब्लिन या खलनायकामुळे स्पायडरमॅनची प्रेयसी ग्वेन स्टेसी गेली. पुढच्याच अंकात स्पायडरमॅन त्याला मारायच्या इराद्याने निघतो, बडवतो, ऐन वेळी हात आवरतो, आणि मग गॉब्लिन स्वतःच्याच उडत्या यंत्राने भोसकला जातो. वाचकाला सूडाचं समाधान, नायकाला पुण्य. आपल्या हिंदी पिक्चरमध्ये खलनायक शेवटी पाय घसरून दरीत पडतो तो हाच प्रकार.

आणि २००५ च्या पिक्चरमधला बॅटमॅन तर कळसच. 'मी तुला मारणार नाही, पण वाचवलंच पाहिजे असंही नाही' म्हणत धावत्या गाडीत शत्रूला सोडून उडून जातो. वकीलताई, हे कायद्यात बसतं?

वकीलताई_टिळकवाडी

रस्त्यात बुडणाऱ्या परक्याला वाचवलं नाही तर सहसा खून होत नाही. पण तो खड्डा तुम्हीच खणला असेल तर वेगळं. त्या गाडीच्या रुळांखालचे खांब पोलीस अधिकारी गॉर्डनने बॅटमॅनच्या सांगण्यावरून उडवलेले असतात. धोका याने उभा केला, आणि वर म्हणतो मी काहीच केलं नाही! असे अशील आमच्याकडे रोज येतात.

मराठा_निवृत्त

कॅम्पातून. फौजेत आयुष्य गेलं म्हणून थोडंच लिहितो. 'एकदा मारलं की माणूस थांबत नाही' असं इथे कुणी म्हणायच्या आत सांगतो, ते खोटं आहे. आम्ही लढून घरी आलो, पोरांची लग्नं केली, शेती करतो. पण आमच्यावर हुकूम देणारा होता, त्याच्यावर दुसरा होता, आणि फायरिंगनंतर प्रत्येक राउंडचा हिशोब द्यावा लागायचा. रिकामी पुंगळीसुद्धा मोजून परत. तुमच्या या मुखवटेवाल्यांपैकी कोण कुणाला हिशोब देतो तेवढं सांगा. देत असेल तर मारू दे. नसेल तर त्याच्या हातात लाठीसुद्धा नको.

उद्यमबागचा_पोरगा

+१००. काका, सलाम. 'एकदा मारलं की थांबत नाही' यावर तर एक अख्खा व्हिडिओ गेम आहे, २०१३ चा. सुपरमॅन जोकरला मारतो आणि पुढे सगळ्या जगाचा हुकूमशहा होतो. मला तो तेव्हा लई खरा वाटायचा. तुमचं वाचून वाटतंय, बिघाड मारण्यात नव्हता, त्याला विचारणारा कुणी उरला नाही त्यात होता.

नंदगडचे_गुरुजी

सुभेदारसाहेब म्हणतात ते बऱ्याच अंशी पटतं. फक्त एक राहतं. हिशोब मागणारेच विकले गेलेले असतील तर? डोगा काय, रायण्णा काय, अशाच वेळी उभे राहतात. रायण्णांनी हिशोब कुणाला द्यायचा होता, कंपनी सरकारला?

मराठा_निवृत्त

गुरुजी, मी हवालदार होतो. रायण्णांच्या मागे गावं उभी होती, लोक त्यांना नावानिशी ओळखत होते. त्यांनी तोंड झाकलं नव्हतं.

निपाणीचा_डोगा

हवालदारसाहेब, हे मातूर लागलं. बरं, ठरलं. डोगानं मारावं, आणि मारल्यावर मुखवटा काढून सरळ ठाण्यात जावं. खरं १९९६ च्या एका कॉमिकमध्ये हेच झालंय. मॅगॉग नावाच्या गड्यानं अटकेतल्या जोकरला उडवलं, पळाला न्हाई, कोर्टात उभा ऱ्हायला. निर्दोष सुटला! लोकांनी डोक्यावर घेतलं, आणि सुपरमॅन रुसून शेती करायला गेला. आता बोला वकीलताई, हिशोब दिला की न्हाई?

वकीलताई_टिळकवाडी

दिला, पण हिशोब तपासणारे त्याचेच चाहते होते. आपल्याकडे बायकोच्या प्रियकराला गोळी घालणारे नौदल अधिकारी नानावटी यांच्या खटल्यात १९५९ मध्ये असंच झालं. ज्युरीने ८ विरुद्ध १ मतांनी निर्दोष ठरवलं, बाहेर लोक खूश. हायकोर्टाने तो निकाल फिरवून जन्मठेप दिली. टाळ्या वाजल्या म्हणजे न्याय झाला असं नाही. मॅगॉगच्या निकालावर कुणी अपील का केलं नाही, हा माझा त्या लेखकाला प्रश्न आहे.

निपाणीचा_डोगा

ते ऱ्हाऊ दे. डोगा ठाण्यात गेला, मुखवटा टेबलावर ठेवला, कलम १०३ लागलं. मग म्होरल्या अंकात काय दावायचं?

वकीलताई_टिळकवाडी

जामीन अर्ज. आधी सेशन्स कोर्टात, नाही मिळाला तर धारवाड खंडपीठ. फी आगाऊ.